पोर्टर म्हणजे हमालच का? आजोबांच्या सेवापुस्तिकेतल्या नोंदी समजून घ्यायच्यात

जुनी_ट्रंक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गावाकडचं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आजोबा रेल्वेत होते एवढंच आम्हाला माहीत. मी पाच वर्षांचा असताना ते गेले, त्यामुळे त्यांच्या तोंडून काही ऐकायचं राहून गेलं.

ट्रंकेत सेवापुस्तिका निघाली. १९४९ साली नोकरीला लागले, हुद्दा 'पोर्टर'. घरात यावरून जरा कुजबुज झाली. काकांचं म्हणणं, आजोबा 'स्टेशन स्टाफ' होते, हमाल नव्हते. चुलत भाऊ म्हणतो, पोर्टर म्हणजे हमालच की, लाल सदरा आणि दंडाला बिल्ला. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, पण खरं काय ते कळायला हवं.

पुढच्या पानांवर 'लॅम्पमन (ऑफि.)', मग 'पॉइंट्समन बी' असं लिहिलंय. १९५८ ची एक नोंद आहे: डाऊन आउटर लॅम्प आउट, खुलासा असमाधानकारक, पास एक वर्ष बंद. हे काय प्रकरण असावं?

सोबत दोन वस्तू आहेत. एक हातात धरायचा कंदील, त्याच्या आत लाल आणि हिरवी काच फिरते, बुडाला 'एन.एस.आर.' अशी इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत. दुसरी वस्तू मात्र कुणालाच ओळखता आली नाही. वेताचं मोठं कडं, आरामात खांद्यावर अडकवता येईल एवढं, आणि त्याला बांधलेली चामड्याची छोटी पिशवी. पिशवी रिकामी आहे. आई म्हणाली, टोपलीचा काठ असेल. फेकून देणार होते, मी वाचवलं.

आजी आहे, नव्वदीच्या पुढची. ती एवढंच म्हणते, "ते दिवे लावायला जायचे." कुठले दिवे, ते विचारलं की "रुळावरचे".

रूळवेडा

आधी सोपं उत्तर. काका बरोबर आहेत. ज्याला आपण हमाल किंवा कुली म्हणतो तो परवानाधारक. रेल्वे त्याला बिल्ला द्यायची, पगार नाही. प्रवाशाकडून मिळेल ती हमाली त्याची. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात या लोकांना गँगमन (रुळांची देखभाल करणारे) म्हणून नोकरीत घ्यायची घोषणा झाली आणि २०१६ मध्ये 'कुली' हा शब्द जाऊन 'सहायक' आला. तुमच्या आजोबांची सेवापुस्तिका आहे याचा अर्थच ते पगारी नोकर होते. हमालाची सेवापुस्तिका नसते. 'ऑफि.' म्हणजे ऑफिशिएटिंग, त्या जागेवर तात्पुरतं काम; पॉइंट्समन म्हणजे सांधेवाला, रुळाचा सांधा फिरवून गाडीला वाट देणारा.

एन.एस.आर. म्हणजे निजाम स्टेट रेल्वे. १९३० मध्ये हैदराबाद सरकारने ती खाजगी कंपनीकडून विकत घेतली. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाल्यावर तिकडे गेली. म्हणजे आजोबांनी रूळ तेच ठेवून मालक बदललेले पाहिले. मनमाड ते सिकंदराबाद ही तेव्हाची मीटरगेज (अरुंद रुळांची) लाईन असेल तर औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड हा सगळा पट्टा त्यात आला.

कड्याबद्दल मला दाट शंका आहे, पण इथे एक काका येतात, ते स्वतः त्या लाईनवर होते. त्यांना बोलावतो. त्यांच्यापुढे आमचं पुस्तकी ज्ञान काय सांगणार.

निवृत्त_सांधेवाला

बोलावलं म्हणून आलो. नातीनं मोबाईलवर बोलून लिहायचं शिकवलंय, त्यामुळं चुका झाल्या तर तिच्या.

पोरा, ते कडं फेकलं असतंस तर मी इथून उठून तुझ्या घरी आलो असतो. ती टोपली नाही. त्याला आम्ही गोळ्याचं कडं म्हणायचो. अन् पिशवी रिकामी आहे हे लई बरं झालं. आत गोळा सापडला असता तर तुझ्या आजोबांची नोकरी कशी टिकली याचाच शोध घ्यावा लागला असता.

सांगतो. लाईन एकेरी. दोन टेसनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, नाहीतर समोरासमोर टक्कर. त्यासाठी दोन्हीकडच्या मास्तरच्या खोलीत एकेक यंत्र असायचं, आमच्याकडं नीलचं. त्यात मोसंबीएवढे धातूचे गोळे. पुढच्या मास्तरनं तिकडून कळ दाबून मोकळीक दिली तरच इकडं एक गोळा बाहेर पडणार. एक गोळा बाहेर असला की दोन्ही यंत्रं बंद. तो पुढच्या टेसनच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. गोळ्यावर टेसनाची अक्षरं अन् नंबर कोरलेला. ड्रायव्हरच्या हातात गोळा नाही, तर सिग्नल पडलेला, म्हणजे जायची खूण दिलेली असली तरी त्यानं गाडी हलवायची नाही.

आता गोळा ड्रायव्हरला द्यायचा कसा? थांबणारी गाडी असली तर चालत जाऊन दिला. पण अजिंठा एक्स्प्रेस आमच्या टेसनला थांबत नव्हती. तिच्यासाठी गोळा पिशवीत घालायचा, पिशवी कड्याला, अन् कडं हात उंच करून फलाटाच्या कडेला धरून उभं राहायचं. इंजिन धडधडत येतं, फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, बाहेर वाकतो, हात कड्यातून घालून ते उचलतो अन् त्याच दमात मागच्या टेसनचं कडं खाली टाकतो. रात्री दुसऱ्या हातात पेटलेली मशाल, म्हणजे त्याला कडं दिसावं. पाऊस असला तर मशाल फरफर करते, इंजिनाची वाफ तोंडावर, अन् डोळे मिटायची सोय नाही. मिटले की हात खाली जातो.

टाकलेलं कडं काही फुलासारखं येत नाही. गडगडत कुठंही जातं. माझ्या टेसनच्या पलीकडं तुरीचं रान होतं. एकदा पौषात कडं तुरीत गेलं. पिशवीचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं, गोळा निसटला. मी, मास्तर अन् एक गँगमन असे तिघं कंदील घेऊन तुरीत रांगत होतो. गोळा यंत्रात पडत नाही तोवर मागची मालगाडी मागच्याच टेसनात. सापडला नसता तर यंत्र बंद, सगळं काम कागदी लाईन क्लिअरवर, म्हणजे लिहून दिलेल्या परवानगीवर, अन् वर चौकशी. पाऊण तासानं सापडला. शेताचा मालक सकाळी भांडायला आला, तुरीचं वाटोळं केलं म्हणून. त्याचं बरोबर होतं.

मी १९६७ ला लागलो, वय १९, शिक्षण सातवी. जालना अन् परभणीच्या मधलं लहान टेसन. नाव लिहीत नाही, कारण पुढं एका मास्तरविषयी बोलणार आहे. स्केल ७०-८५, म्हणजे मूळ पगार ७० रुपये अन् वर महागाई भत्ता. तिसरा वेतन आयोग आला तेव्हा १९६-२३२ झाला, तेव्हा आम्हाला वाटलं आता काय, सावकारच झालो.

आमच्या टेसनला एका पाळीला एक मास्तर अन् एक पोर्टर. वेगळा लॅम्पमन नाही, वेगळा पाणीवाला नाही, हमाल तर नाहीच. म्हणून पोर्टर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, मास्तर सोडून टेसनात जे काही आहे ते सगळं. फलाट झाडणं. पॅसेंजर आली की गार्डाच्या डब्यातून डाग उतरवणं अन् चढवणं, मोसंबीच्या करंड्या, तुपाचे डबे, कधी सायकल, एकदा जिवंत बकरं. दोन मिनिटांचा थांबा, त्यात बारा डाग चढवायचे. ही हमालीच झाली, पण पगारातली. सांध्याला तेल घालणं, सांध्यात खडा अडकला असेल तर काढणं. गाडी क्रॉसिंगला आली की सांधा फिरवून कुलूप लावणं अन् किल्ली मास्तरच्या हातात देणं. अन् शेवटचा डबा आला का ते बघणं. त्यावर पाटी असते, रात्री लाल दिवा. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मागं काही तुटून राहिलं नाही. मास्तर खोलीतून ओरडणार, "टेल लॅम्प?" मी ओरडणार, "बराबर!" न बघता बराबर म्हणणारा पोर्टर मी एकच पाहिला, अन् तो जास्त दिवस टिकला नाही.

घंटा म्हणजे छपराला टांगलेला रुळाचा तुकडा. मागच्या टेसनातून गाडी सुटली की ठोके द्यायचे. गावातल्या बाया त्यावर चुलीवरून तवा उतरवायच्या. घंटा ऐकून घरातून निघालं तरी गाडी सापडायची, एवढं गाव जवळ. एक म्हातारा तर मला रागावला होता, आज घंटा हळू का मारली म्हणून. त्याची गाडी चुकली होती.

आता दिवे. तुझी आजी बोलली तेच खरं काम.

आमच्या टेसनला दोन्ही बाजूला होम अन् आउटर हे येणाऱ्या गाडीचे सिग्नल, आतल्या अंगाला स्टार्टर, सुटणाऱ्या गाडीचा. आउटर टेसनपासून साधारण एक किलोमीटर. दिवस मावळायच्या आत सगळ्या सिग्नलांवर दिवे चढवायचे, सकाळी उतरवून आणायचे. एका बाजूला जाऊन येऊन दोन किलोमीटर, दोन्ही बाजू चार, सकाळ धरून आठ. हे खडीवरून चालायचं, दोन्ही हातात राकेलचे दिवे, अन् तेल सांडू द्यायचं नाही. मग शिडी. वीस-बावीस पायऱ्या, एका हातानं चढायचं. दुपारी दिवाखोलीत बसून वाती कापायच्या, काचा राखेनं घासायच्या, तेल भरायचं. माझ्या अंगाला राकेलचा वास असा बसला होता की लग्नानंतर बायको पहिले सहा महिने नाकाला पदर लावून जेवायला वाढायची.

लोकांना वाटतं लाल दिवा वेगळा, हिरवा वेगळा. तसं नाही. दिवा एकच, साधा. सिग्नलच्या हाताला चष्मा असतो, त्यात दोन काचा. हात आडवा असला की लाल काच दिव्यापुढं, खाली पडला की हिरवी. अन् ती हिरवी काच हातात घेतली तर निळसर दिसते. राकेलची ज्योत पिवळी, त्यामुळं लांबून हिरवी होते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, काच फुटली तेव्हा कळलं. दिव्याला मागल्या अंगाला बारीक भोक असतं. हात आडवा असला की त्यातून पांढरा ठिपका टेसनाकडं दिसतो. मास्तर खुर्चीतून तो ठिपका मोजायचा. ठिपका दिसत नाही, अन् सिग्नल तर पाडलेला नाही, म्हणजे दिवा गेला.

दिवा गेलेला सिग्नल म्हणजे ड्रायव्हरला लालच. तो उभा राहणार अन् शिट्टी मारत राहणार.

माझ्यावर ही वेळ पहिल्याच पावसाळ्यात आली. आषाढातली रात्र, मालगाडी आउटरला उभी, लांब शिट्टी. मी काडेपेटी घेऊन पळालो. शिडीवर चढलो, वारं असं की एक काडी पेटंना. सतरा काड्या मोजल्यात मी. खाली फायरमन शिव्या देतोय. शेवटी त्यानंच हातबत्ती वर दिली, तिच्यावरून वात पेटवली. परत आलो तर जुना पोर्टर, निजामाच्या वेळचा माणूस, आम्ही त्याला चाचा म्हणायचो, तो दिवाखोलीच्या दारात हसत उभा. म्हणाला, काडी कामून नेली? पेटलेला दिवा इथूनच न्यायचा, वरचा गेलेला उतरवायचा अन् हा ठेवायचा. एवढी साधी गोष्ट. पण मला ती आधी कुणी सांगितली नव्हती, अन् मीही विचारली नव्हती.

गाडी २२ मिनिटं अडकली. गार्डानं २२ लिहिली, मास्तरनं १५. दोघांची त्यावर अर्धी रात्र घासाघीस झाली, कारण त्या मिनिटांचा हिशेब कुणाच्या तरी माथी बसणार होता. मला ताकीद मिळाली, तेवढ्यावर भागलं.

तुझ्या आजोबांचं भागलं नाही, असं नोंद सांगते. 'लॅम्प आउट' म्हणजे हेच. दिवा कशानं गेला ते कागदावर कधीच येत नाही. खुलासा असमाधानकारक म्हणजे माणूस काहीतरी बोलला होता, ते कुणी ऐकून घेतलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

जुनी_ट्रंक

काका, हे वाचून मी रात्री उठून ते कडं पुन्हा हातात घेतलं. चामड्यावर मधोमध घट्टा पडल्यासारखी खूण आहे, आता कळलं ती गोळ्याची.

एक विचारू का? आजोबांच्या डाव्या हातावर, कोपराच्या वर, काळसर वळ होता. मला तेवढं अंधुक आठवतंय, आणि आई-बाबांनाही आठवतंय. आम्हाला सांगितलं होतं बैलानं मारलं. आणि तुम्ही मास्तरांची काही गोष्ट सांगणार होता.

मास्तरांची_लेक

मधेच लिहिते, माफ करा. माझे वडील त्याच लाईनवर स्टेशनमास्तर होते, साठच्या दशकाच्या शेवटापासून. 'मास्तरची गोष्ट' म्हटल्यावर काय येणार ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. होय, आमच्या घरचं दळण पोर्टर आणायचा. विहिरीचं पाणीही कधी कधी. आईला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण तिच्या आधीच्या मास्तरीणबाईंनी तेच केलं होतं. मी आठवीत असताना एकदा बाबांना विचारलं, की हे त्याच्या ड्यूटीत आहे का? बाबा गप्प बसले. दुसऱ्या दिवशीपासून दळणाचा डबा माझ्या डोक्यावर आला. प्रश्न विचारल्याचं बक्षीस.

पण दुसरी बाजूही लिहिते. बारा तास ती दोनच माणसं एका खोलीत. रात्री दोन वाजता यंत्राचा एक ठोका पडला की बाबा दचकून उठायचे. एक ठोका म्हणजे फक्त 'लक्ष द्या', पण तो चुकला तर सगळंच चुकलं. बाबांचा डोळा लागला तर पोर्टरकाका त्यांना उठवायचे, आणि पोर्टरकाका बाकावर कलंडले तर बाबा. कागदावर दोघंही जागे. आमच्या पोर्टरकाकांनी मला दिवाखोलीत बसवून 'एल.व्ही.' (लास्ट व्हेइकल, शेवटच्या डब्यावरची पाटी) वाचायला शिकवलं, ती माझी पहिली इंग्रजी अक्षरं. आणि राकेलच्या वासाबद्दल काकांनी लिहिलंय ते वाचून हसू आलं. मला तो वास अजून आवडतो. आता मिळत नाही.

निवृत्त_सांधेवाला

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. असले मास्तर होते. तुम्ही बोलल्यामुळं माझी गोष्ट आता थोडी लहान करून सांगतो.

माझ्या दुसऱ्या मास्तरच्या घरी म्हैस होती. तिचं पाणी अन् वैरण माझ्याकडं. कागदावर आमचं काम 'अधूनमधून' चालणारं, इंग्रजीत त्याला इसेन्शियली इंटरमिटंट म्हणायचे, म्हणून पाळी बारा तासांची. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी तास ठरवून दिले होते, त्यात अशा कामाला आठवड्याला ७५ तास. म्हणजे दोन गाड्यांच्या मधे माणूस बसून असतो असं धरलेलं. त्या मधल्या वेळात मी म्हशीपाशी असायचो. एकदा संध्याकाळी म्हैस सुटली, तिच्यामागं मी, अन् दिवे चढवायला उशीर झाला. डाऊन होमवर चढलो तेव्हा पॅसेंजरचा धूर दिसत होता. त्या दिवशी मास्तरला सांगितलं, म्हैस किंवा दिवे, एक काय ते सांगा. तो म्हणाला दोन्ही. मी चार दिवस आजारी पडलो, पाचव्या दिवशी म्हैस मेहुण्याकडं गेली. एवढीच गोष्ट.

१९७२ मात्र विसरत नाही. पाऊस नव्हताच. टेसनची विहीर आटली, मंग पाण्याची टाकी वाघिणीवरून (मालगाडीच्या डब्यावरून) यायची, तिच्यावर मला पहारा. पाणी स्टाफसाठी, असा हुकूम. गावातल्या बाया घागरी घेऊन रुळाच्या पलीकडं बसून राहायच्या, बोलायच्या नाहीत. माझी चुलतबहीण त्यात होती. मी काय केलं ते लिहीत नाही, पण टाकी कागदावर होती त्यापेक्षा लवकर संपायची. मालगाडीचा ड्रायव्हर ओळखीचा असला तर इंजिनातून गरम पाण्याची धार सोडायचा, बाया ते घागरीत धरून गार व्हायला ठेवायच्या. त्यावर तेलाचा तवंग असायचा. त्याच वर्षी मिलो आली, अमेरिकेची लाल ज्वारी, वाघिणी भरून. पोती उतरवली की खाली सांडलेले दाणे मी फलाटाबरोबर झाडायचो अन् झाडलेलं कुठं टाकायचं ते मला ठाऊक होतं. मास्तर त्या वेळी खोलीत जाऊन बसायचा. म्हशीवालाच तो, पण तेवढं त्याचं मानलं पाहिजे.

आता हाताचं. पोरा, बैलानं मारलं असेल तर मारलं असेल, मी बघितलेलं नाही. पण कोपराच्या वर, डावा हात, काळा वळ, असा माझ्याही हाताला आहे. काही पोर्टर येणारं कडं जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. हात वाकवून दंडावर झेलायचे, म्हणजे तुरीत रांगायला नको. उजव्या हातात देण्याचं कडं, डाव्यावर घेण्याचं. वेत दंडावर बसतो तेव्हा हात खांद्यातून निघाल्यासारखा वाटतो. नियमात हे नव्हतं, म्हणून दवाखान्यात कारण विचारलं तर आम्ही सगळे बैलच सांगायचो. एकदा डॉक्टरनं विचारलं, तुमच्या टेसनला बैल किती आहेत?

जुनी_ट्रंक

काका, तुमचं सगळं आजीला वाचून दाखवलं. दिव्यांच्या भागाला मान हलवत होती. बैलाचं आलं तेव्हा म्हणाली, "आपल्याकडं बैल होताच कुठं?" घरात सत्तर वर्षं बैलाची गोष्ट चालली आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

१९५८ चं विचारलं. ते तिला लख्ख आठवतंय, पण दिव्यामुळे नाही, पासमुळे. त्या वर्षी रेल्वेच्या पासवर काशीला जायचं ठरलं होतं. तिनं तांब्याचा गडू घेऊन ठेवला होता गंगा आणायला. पास बंद झाला, ते राहिलं. पुढच्या वर्षी बाबा झाले, मग राहूनच गेलं. मी विचारलं, दिवा का गेला होता? म्हणाली, "वारं होतं, दुसरं काय असणार." मग थोड्या वेळानं, "तेलात पाणी होतं म्हणायचे ते. वरच्यांनी ऐकलं नाही."

गडू ट्रंकेतच होता. आम्हाला वाटलं होतं कुणाच्या लग्नातला.

निवृत्त_सांधेवाला

तेलात पाणी. बरोबर बोलले ते. पिंपाच्या बुडाशी पाणी असायचं, पावसाळ्यात जास्त. वात आधी चांगली पेटते, तासाभरानं तडतडते अन् जाते, तोवर माणूस एक किलोमीटर मागं आलेला असतो. आम्ही पिंप हलवायचो नाही अन् तळाचं चार बोटं तेल दिव्यात घ्यायचो नाही. चाचाचीच शिकवण. तुझ्या आजोबांना तो हिसका बसल्यावर कळलं असणार.

आता ते सामान नीट ठेव. वेत कोरडा पडला की मोडतो, त्याला एरंडेलाचं बोट फिरव, जास्त नको. चामड्यालाही तेच. कंदिलाच्या रंगीत काचा राखेनं घासू नको, रंग नाही जात पण ओरखडे पडतात, मऊ फडक्यानं पूस. अन् बुडाचं झाकण डावीकडं फिरव, आत वातीचा तुकडा राहिला असेल. असला तर फोटो टाक, मला बघायचा आहे तो कसा कापलाय. प्रत्येकाची कापायची तऱ्हा वेगळी असायची.